कल्पित उतार आणि खरी भूमि

जें नाहीं तें आहे असें बुद्धिपुरस्सर मानून चालणें ही सत्याशीं प्रतारणा होय काय? प्रश्न जुना आहे. परंतु नकाशे घडविण्याच्या आधुनिक साधनांनीं तो नव्या रूपानें आपल्यापुढें ठेवला आहे.

भूगोलाच्या अभ्यासासाठीं ‘ग्रास’ नांवाची एक संगणकप्रणाली आहे. १९८२ सालीं अमेरिकन सैन्याच्या एका संशोधनशाळेंत तिचा आरंभ झाला. आज ती सर्वांस विनामूल्य मिळते. तिच्यांत कलतें प्रतल निर्माण करण्याची सोय आहे. उताराचा कोन, त्याची दिशा आणि एका बिंदूचें स्थान व उंची एवढें सांगितलें, कीं ती सारा प्रदेश लहान लहान चौकटींत विभागते व प्रत्येक चौकटींत उंचीचा आंकडा भरते. टेकडी नाहीं, ओढा नाहीं. तिरप्या ठेवलेल्या पाटासारखी निर्दोष भूमि! अशी भूमि पृथ्वीच्या पाठीवर कोठेंही आढळावयाची नाहीं.

मग तिचें प्रयोजन काय? गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ सुमारें १०६७ मीटर उंचीवर उगम पावते. पश्चिम समुद्र तेथून शंभर किलोमीटरांच्या आंत. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारें १४६५ किलोमीटर चालते व बंगालच्या उपसागरास मिळते. भागाकार केला तर उतार दर किलोमीटरास पाऊण मीटराहूनही कमी भरतो. सारें दख्खनचें पठार पूर्वेकडे किंचित् कललेलें आहे हें सत्य नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. कल्पित प्रतल तें दाखवितें.

पण त्याच पठारावरील परळी वैजनाथास या. गांव बालाघाटाच्या डोंगरांलगत वसलेलें. अहिल्याबाई होळकरांनीं जीर्णोद्धार केलेल्या देवळाच्या पायऱ्या चढणाऱ्या वृद्धेच्या गुडघ्यांस उताराची सरासरी सांगून काय उपयोग? भोंवतालच्या शिवारांतही माथ्यावरची माती पावसाबरोबर वाहून जाते आणि पायथ्याशीं सांचते. म्हणूनच पाणलोटाचीं कामें ‘माथा ते पायथा’ या क्रमानें करावयाचीं असतात.

पिकाची आणेवारी, जिला आतां पैसेवारी म्हणतात, तीही असेंच एक प्रतल आहे. निवडक शेतांचें पीक मोजून सबंध गांवाचा एकच आंकडा ठरवितात. त्याविना राज्यकारभार चालणें कठीण, हें खरें. पण माथ्यावरच्या मुरमाड तुकड्याचा धनी त्या आंकड्यांत कोठें सांपडावा?

याचें उत्तर नकाशाकाराच्या रीतींतच आहे. प्रतल रचून तो थांबत नाहीं. खऱ्या उंचींतून तो कल्पित उंची वजा करतो आणि उरलेली बाकी पाहतो. थोरला उतार बाजूस सरल्यामुळें त्या बाकींत लहान चढ आणि खळगे पूर्वींपेक्षां अधिक ठळक दिसूं लागतात. कल्पनेनें सत्याची सेवा केली ती येथें.

तेव्हां गृहीत धरण्यांत पाप नाहीं. मात्र जो गृहीत धरतो त्यानें वजाबाकीही केली पाहिजे. बाकी फेंकून दिली, कीं सोयीसाठीं मानलेली गोष्ट असत्य होते. आणि त्या असत्याचा भार सरासरीच्या खालीं राहणाऱ्यावरच पडतो.