दूरध्वनीवरचा हुकूम

दूरध्वनीवरून कोणा गृहस्थाची आयुष्यभराची पुंजी लुबाडली गेल्याची वार्ता छापून आली, की तिच्या अखेरीस 'नागरिकांनी सतर्क राहावे, अनोळखी इसमास आपली माहिती देऊ नये' हे आवाहन ठरलेले असते. आणि त्यानंतर चौकात, कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत त्या वार्तेची जी चर्चा होते तिचा निकालही बहुधा एकच लागतो, की एवढा शिकलेला माणूस फसला त्याअर्थी त्याच्या मनात लोभ किंवा डोक्यात अज्ञान असलेच पाहिजे. पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी, जिथे स्टेशनापासून भडगाव रोडपर्यंत एकमेकांची घराणी ठाऊक असतात, हा निकाल नाडलेल्या माणसाच्या कानी पडायला संध्याकाळही लागत नाही. परिणामी तो फिर्याद द्यायला जात नाही; ज्या अवधीत 1930 या सायबर-मदत क्रमांकावर कळविल्यास पुढे सरकलेली रक्कम गोठविता येण्याचा संभव असतो, तो अवधी तो घरात तोंड लपवून घालवतो. हा निकाल निष्ठुर आहे म्हणून मला तो खटकतोच. परंतु तो मुळात चुकीचाही आहे, आणि त्याच्यावर उभारलेले सारे जागृतीचे प्रयत्न त्यामुळे भलत्याच दिशेने चालले आहेत, असे माझे मत आहे.

नको असलेल्या फोनांपैकी जे नुसते उपद्रवी, त्यांच्यासाठी फार शाई खर्चण्याचे कारण नाही. कर्ज घ्या, भूखंड घ्या, विमा उतरवा म्हणून ऐन दुपारी झोपमोड करणाऱ्यांसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2007 साली नोंदवही उघडली, 2010 साली नियम कडक केले, 2018 साली ते नव्याने लिहिले, 2025 साली पुन्हा दुरुस्त केले. 1909 वर नाव नोंदवा, जाहिरातीचा फोन 140 ने सुरू होईल, बँकेचा वा सरकारी 1600 ने, अशी व्यवस्थाही लावून दिली. तरीही सामान्य दहा आकडी क्रमांकावरून येणारा तगादा थांबलेला नाही, आणि तो थांबविणे हा कंपन्यांच्या दंडाचा व सरकारच्या इच्छेचा प्रश्न आहे. या फेरीवाल्याला 'नको' म्हणताना आपल्याला संकोच वाटत नाही, एवढेच येथे ध्यानात ठेवायचे. कारण पुढचा सारा विचार या संकोचाभोवती फिरणार आहे.

फसविणाऱ्या फोनांची आपण एकच जात मानतो, पण तिच्यात दोन सर्वस्वी भिन्न प्रकार आहेत. एक आमिष दाखवितो: पंचवीस लाखांची लॉटरी लागली, शेअरबाजारात महिन्यात दुप्पट होतील, घरबसल्या काम मिळेल. दुसरा काहीच देऊ करीत नाही. तो हुकूम करतो. तुमच्या आधारवर गुन्हा नोंद आहे, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, केवायसी न केल्यास आज रात्री वीज तोडण्यात येईल, उठा, दार लावा, कोणाशी बोलू नका. पहिल्या प्रकारात माणूस आपल्या इच्छेच्या मागे जातो. दुसऱ्यात तो आपली इच्छा बाजूला ठेवतो. पहिल्याला फशी पडलेल्यास लोभी म्हणण्यात निदान काही अर्थ तरी आहे, मात्र गरजेला लोभ म्हणण्याचा अन्याय तेथेही पुष्कळदा घडतो. पण दुसऱ्याला बळी पडलेला माणूस ज्या गुणामुळे फसतो तो गुण शाळेने, घराने आणि सरकारने मिळून त्याच्या अंगी बाणविलेला असतो. तो आज्ञाधारक असतो.

पाचोऱ्यातील माझ्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. उमेदीची वर्षे त्यांनी पी.जे.च्या (पाचोरा-जामनेरच्या) छोट्या गाडीने शेंदुर्णीच्या बाजूला जाऊन येऊन शिकविण्यात घालविली. त्यांना असा फोन आला तेव्हा ते दुपारचे जेवण करून बनियनवर पंख्याखाली पडले होते. तुमच्या नावाचे सिमकार्ड एका गुन्ह्यात सापडले आहे, मुंबईचे साहेब आता व्हिडिओवर तुमचा जबाब घेतील, असे त्यांना हिंदीत सांगण्यात आले. सरांनी पहिली गोष्ट केली ती ही, की उठून खुंटीवरचा सदरा अंगात घातला, वरपर्यंत गुंड्या लावल्या, चष्मा पुसला, आणि शेजारी खुर्ची असताना उभे राहून ते साहेबांच्या प्रश्नांना उत्तरे देऊ लागले. दार लावा म्हटले, लावले. घरात बोलू नका म्हटले, बोलले नाहीत. मुदतठेव मोडून रक्कम 'तपासणीसाठी' भरण्याचे फर्मान सुटले, तो दिवस दुसरा शनिवार निघाला, बँक बंद. सोमवार उजाडण्यापूर्वी नाशिकचा पुतण्या घरी आला, काकांचा उतरलेला चेहरा पाहून त्याने खोदून विचारले, आणि पैसे वाचले. सारे खोटे होते हे पटल्यावर सर मला म्हणाले, "पण मी साहेबांना सोमवारी अकराला फोन करतो म्हणून कबूल केलं होतं हो." या वाक्यात लोभ कोठे आहे, हे मला कोणी दाखवून द्यावे.

यावर जागृतिवाद्यांचे उत्तर तयार असते: लोभ नसेल, पण अज्ञान तर आहे? आता हे उत्तर जरा नीट तपासून पाहू. संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे सायबर फसवणुकीत देशाने 2023 साली सुमारे 7,465 कोटी आणि 2024 साली सुमारे 22,845 कोटी रुपये गमावले. यात सर्वच प्रकारची फसवणूक आहे हे मान्य. तरी वर्षभरात भारतीयांचे अज्ञान तिपटीने वाढले, आणि तेही ज्या काळात सावधगिरीच्या सूचनांचा सर्वाधिक भडिमार झाला त्याच काळात वाढले, असे म्हणावयाचे काय? 2024 च्या ऑगस्टात लुधियानाचे उद्योगपती, पद्मभूषण एस. पी. ओसवाल यांच्याकडून सात कोटी रुपये काढण्यात आले, तेव्हा त्यांच्यापुढे सर्वोच्च न्यायालयाचा बनावट देखावा उभा करून तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांचे सोंगही आणले होते. हजारो कामगारांचा कारभार हाकणाऱ्या या माणसाला व्यवहार कळत नव्हता, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. त्यांनी न्यायासनापुढे मान तुकविली, आणि ती तुकवावी असेच आपण सर्वांना शिकवीत आलो आहोत.

याहून निर्णायक पुरावा अमेरिकेतला, साठ वर्षांपूर्वीचा आहे. मानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स हॉफलिंग यांनी 1966 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रुग्णालयातील परिचारिकांना एका अपरिचित डॉक्टरने दूरध्वनी करून अमुक रुग्णास अमुक औषध देण्यास सांगितले. मात्रा डबीवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या दुप्पट होती, आणि फोनवरून औषधाचा हुकूम घेऊ नये असा रुग्णालयाचा नियमच होता. बावीसपैकी एकवीस जणी औषध द्यायला निघाल्या. वाटेतच त्यांना थांबविण्यात आले. दुसऱ्या काही परिचारिकांना अशा वेळी तुम्ही काय कराल एवढेच विचारले असता बहुतेकींनी 'आम्ही देणार नाही' असे सांगितले होते. जागृतीची सारी मोहीम या दुसऱ्या गटाला प्रश्न विचारून समाधान मानते. माणसाला काय ठाऊक आहे याची परीक्षा ती घेते; आवाज चढवून साहेब बोलू लागल्यावर त्या ज्ञानाचे काय होते, इकडे तिचे लक्षच जात नाही. 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी 'थांबा, विचार करा, कृती करा' हा त्रिसूत्री उपदेश केला. उपदेश योग्यच आहे. पण हुकूम पहिल्या झपाट्यात हिरावून घेतो ते हे थांबणेच, आणि वरिष्ठासमोर थांबून विचार करण्याची मुभा ज्याला नोकरीतल्या तीस वर्षांत कधी मिळाली नाही, त्याने ती निवृत्तीनंतर एका दुपारी कोठून आणावी? अमिताभ बच्चन यांच्या आवाजातील इशाराही आपण फोन लावताना 2025 च्या जूनपर्यंत ऐकला. तो फोन लावताना ऐकू येई; गंडविणारा फोन तर आपल्याला येतो.

शिवाय जो उपदेश करतो त्याचे स्वतःचे आचरण काय आहे? ओटीपी कोणालाही सांगू नका, हे पहिले सूत्र. आणि पाचोऱ्याच्या कोणत्याही सेतू केंद्राबाहेर सकाळी उभे राहिल्यास काय दिसते? लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करायला आलेली बाई आपला ओटीपी खिडकीतून आत मोठ्याने सांगते. तिच्या आधारसोबत पतीच्या वा वडिलांच्या आधारचीही पडताळणी लागते, तेव्हा ती शेतात असलेल्या नवऱ्याला फोन लावून म्हणते, "आलेला नंबर सांगा बरं लवकर, मागं रांग आहे." गॅसचे सिलिंडर घेऊन येणारा दारातच कोड मागतो. पीकविमा, पीएम किसान, ई-पीक पाहणी, कापूसविक्रीची नोंदणी, प्रत्येक ठिकाणी शेतकऱ्याला भ्रमणध्वनीवर आलेला आकडा दुसऱ्याच्या हवाली करावा लागतो, कारण तसे न केल्यास अनुदान अडते. अमुक तारखेच्या आत न केल्यास लाभ बंद, ही भाषा सरकारची आहे; ठकाने ती उचलली, एवढेच. मग ज्या दिवशी पीएम किसानच्या नावाची फाइल व्हॉट्सअॅपवर येते आणि ती उघडल्याबरोबर खाते रिकामे होते, त्या दिवशी त्या शेतकऱ्याला 'तू सांगितलेस कशाला' असे विचारण्याचा नैतिक अधिकार आपल्या प्रशासनाला उरतो काय?

जुन्या अंमलात हुकुमाला शरीर होते, ही गोष्ट आपण विसरत चाललो आहोत. चावडीवरून निरोप आला तर तो घेऊन कोतवाल दारात उभा असे, आणि कोतवाल कोणाचा कोण हे गावाला माहीत असे. समन्स आले तर बेलिफ सही वा अंगठा घेतल्यावाचून हलत नसे. जप्ती आली तर पंच बोलवावे लागत. त्या व्यवस्थेत जुलूम नव्हता असे खानदेशातला कोणताही कर्जबाजारी कुणबी म्हणाला नसता. परंतु हुकूम खरा की खोटा याची रुजवात करण्याचा भार हुकूम आणणाऱ्यावर होता. कागद, शिक्का, सही आणि चार शेजारी ही त्या रुजवातीची साधने होती. अटकेच्या कायद्यात तर हे तत्त्व आजही अक्षरशः शिल्लक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 43 वे कलम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 46 व्या कलमाचाच वारसा चालवते, आणि त्याप्रमाणे अटक करणाऱ्याने त्या इसमाच्या देहाला प्रत्यक्ष स्पर्श करावा वा त्यास अडवून धरावे लागते, त्याने शब्दाने किंवा कृतीने आपण होऊन ताबा दिला असेल तरच ते वगळता येते. 'डिजिटल अटक' नावाची वस्तू कायद्यात नाही, असे सर्वजण सांगतात ते बरोबर आहे. पण हा आपण होऊन दिलेला ताबा समोर कोणी उभा नसताना मिळविण्याची युक्ती ठकाला साधली आहे, आणि सरांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली त्या क्षणी तो त्याला मिळाला होता, हे मात्र कोणी सांगत नाही.

यावर सुचविले जाणारे इतर उपायही पाहू. फोन करणाऱ्याचे नाव पडद्यावर उमटले की प्रश्न मिटेल, हे म्हणणे हॉफलिंगच्या बावीस परिचारिकांपुढे टिकत नाही, कारण त्यांनाही नाव सांगितलेच होते. कंबोडिया-म्यानमारमधील ठकांचे अड्डे उद्ध्वस्त करा, हे अवश्य करावे. पण त्याने फक्त आवाज बदलतील. म्हाताऱ्यांच्या हातातून स्मार्टफोनच काढून घ्या म्हणणाऱ्यांनी, त्यांचे निवृत्तिवेतन, औषधे आणि परगावची नातवंडे त्याच यंत्रात आहेत, हे ध्यानात घ्यावे.

तेव्हा माझी मागणी अंमलदारांकडे आहे. दूरध्वनीने कळवावे, दूरध्वनीने हुकूम करू नये. हप्ता थकला आहे, अर्ज अपुरा आहे, अमुक दिवशी कचेरीत या, एवढे फोनवर सांगण्यास हरकत नाही. पण ज्याने पैसा हलतो, माहिती हातची जाते, वा माणसाचे स्वातंत्र्य संकोचते, असे काहीही करण्याचा आदेश बँक, वीज कंपनी, तहसील वा पोलीस यांपैकी कोणीही फोनवरून देता कामा नये, आणि दिल्यास तो आदेशच निरर्थक मानला जावा, त्याचे पालन न केल्याने कोणाचाही कोणताही हक्क बुडू नये. हे स्वप्नरंजन नव्हे. 21 जानेवारी 2025 रोजी सतेंद्रकुमार अंतिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावले, की चौकशीस हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअॅपने वा तत्सम साधनाने बजावता येणार नाही. आणि त्या वर्षाच्या जुलैत, ही बंदी उठवावी ही हरियाणाची विनंती फेटाळून तोच निर्णय कायम केला. गतीच्या नावाखाली कायद्याने दिलेले संरक्षण सोडता येत नाही, हा त्यातला भाव मला मोलाचा वाटतो.

याविरुद्ध एक आक्षेप वजनदार आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेच न्यायालयाच्या शिक्क्याची प्रतिमा असलेले समन्स विद्युत्-माध्यमाने पाठविण्यास मोकळीक दिली आहे. खटले तुंबलेले आहेत, कोतवाल व बेलिफ पुरेसे नाहीत, आणि प्रत्येक गोष्ट कागदावर आणायची तर गोरगरिबाचे अनुदान महिनोन्महिने लांबेल. अनुदान लांबणे ही पाचोरा तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने क्षुल्लक गोष्ट नाही, हे मी जाणतो. तथापि अनुदान देणे आणि हुकूम करणे यांची गती एकच असावी असा काही नियम नाही; पैसा खात्यात यायला फोनवरचा हुकूम लागत नाही, आणि खात्यातून जायला लागणारा विलंब हा आजवर कोणत्याही गरिबाच्या तक्रारीचा विषय झालेला नाही. शिक्क्याच्या प्रतिमेबद्दल म्हणावे, तर ओसवालांनाही शिक्के दाखविण्यात आले होते. म्हणून न्यायालयाने पोलिसांच्या नोटिशीपुरता घातलेला निर्बंध बँकांच्या वसुलीला, विमा कंपन्यांना, वीज कंपनीला आणि योजनांच्या ई-केवायसीलाही लागू करण्याची तजवीज विधिमंडळाने करावी. आणि तोवर निदान आपल्या तहसील कचेरीने एवढे तरी जाहीर करावे, की या कचेरीतून कोणासही फोनवरून कसलाही आदेश दिला जाणार नाही, आणि फोनवरचा आदेश न पाळल्याबद्दल कोणाचेही नाव यादीतून कमी होणार नाही.