मूल हे देणे असेल, तर

कॅथलिक चर्चचा प्रयोगशाळेतल्या गर्भधारणेला (आयव्हीएफला) विरोध आहे, ही गोष्ट बुलढाण्याच्या वाचकाला परक्या घरची वाटेल. जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येत असला तरी इथे कॅथलिक कुटुंबे मोजकीच आहेत, आणि उपचारांसाठी अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या जोडप्याला कोणी धर्मगुरू आडवा येत नाही. तरीही हा वाद आपण नीट समजून घ्यायला हवा. मूल हे देणे आहे, त्यावर कुणाचा हक्क नाही, हा विचार चर्चच्या भूमिकेच्या मुळाशी आहे आणि आपल्याला त्याची फार गरज आहे. चर्चने त्यावरून प्रयोगशाळेतला उपचारच निषिद्ध ठरवला. माझ्या मते या विचारातून निघणारा खरा निष्कर्ष वेगळा आहे, आणि तो प्रयोगशाळेपेक्षा घराला अधिक जाब विचारणारा आहे.

आधी चर्चचे म्हणणे. १९७८च्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये प्रयोगशाळेतल्या गर्भधारणेतून जगातले पहिले मूल, लुईस ब्राउन, जन्मले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून भारतातले पहिले असे मूल जन्मले. व्हॅटिकनने १९८७मध्ये ‘दोनुम विते’ या दस्तऐवजातून आपली भूमिका मांडली आणि २००८मध्ये ती पुन्हा सांगितली. तिचे दोन आधार आहेत. पती-पत्नींच्या मीलनापासून जन्म तोडला की मूल ‘तयार केलेली वस्तू’ बनते, हा एक. आणि भ्रूणाला पहिल्या क्षणापासून माणसाचा मान दिला पाहिजे, हा दुसरा. म्हणजे चर्चचा सगळ्याच उपचारांना विरोध नाही. बंद नलिकेची शस्त्रक्रिया किंवा हार्मोनची औषधे, अशी मीलनाला साहाय्य करणारी मदत त्याला मान्य आहे. मीलनाची जागाच घेणारी पद्धत अमान्य आहे. या भूमिकेला मागासलेली म्हणून उडवून लावणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. मुलाची किंमत त्याच्या असण्यात आहे, आईबापांची इच्छा पुरवण्यात नाही, हे ती ठामपणे सांगते.

मात्र ही शिकवण कायद्यात उतरली तेव्हा काय झाले, तेही पाहिले पाहिजे. कोस्टा रिकात २०००मध्ये घटनापीठाने आयव्हीएफ बंद केले. २०१२मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने ती बंदी मानवी हक्कांचा भंग ठरवली. इटलीच्या २००४च्या कायद्याने तीनपेक्षा अधिक भ्रूण तयार करायला मनाई केली आणि तयार झालेले सर्व एकाच वेळी गर्भाशयात सोडणे सक्तीचे केले. त्यातून जुळ्या-तिळ्यांचा धोका आणि वारंवार उपचारांचा भार बाईच्या शरीरावर पडला. २००९मध्ये तिथल्याच घटनात्मक न्यायालयाने, तिच्या आरोग्याचा विचार करून, ही अट रद्द केली. भ्रूणाची काळजी घेताना जिच्या पोटी तो वाढायचा तीच हिशेबातून गळाली.

आपल्याकडे असा कायदा नाही, परंपरेचाही अडसर नाही. गांधारीचे शंभर पुत्र तुपाच्या कुंभांत वाढले ही कथा आपण कौतुकाने सांगतो. पण त्याच महाभारतात सत्यवतीने कुरुवंश वाचवण्यासाठी नियोग, म्हणजे दुसऱ्या पुरुषाकडून संतती, ठरवला, तेव्हा तिच्या सुनेने, अंबिकेने, व्यासांसमोर डोळे मिटून घेतले आणि दुसऱ्या खेपेला आपल्या जागी दासी पाठवली. उपाय धर्माला मान्य होता. बाईची इच्छा जमेस धरलेली नव्हती. आजही मूल होत नसेल तर आधी सुनेची तपासणी, तिचेच उपास, तिचेच नवस. अपत्यहीन जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा जोडीने असते, तरी डोहाळजेवणातून बाजूला काढली जाते ती बाईच. जिजाऊंचे जन्मस्थान असलेल्या या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली नऊशेहून कमी होत्या. म्हणजे मागणी नुसत्या अपत्याची नाही, वंशाच्या दिव्याची आहे. मूल खरोखर देणे असेल, तर ते सुनेकडून वसूल करण्याचा अधिकार सासरला नाही, नवऱ्याला नाही, जातीलाही नाही.

यावर कोणी विचारील, देणे आहे म्हणता तर त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? पाऊस देणे आहे म्हणून कोरडवाहू शेतकरी विहीर खणायचे सोडत नाही. प्रयत्न करणे आणि फळावर मालकी सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भ्रूणाविषयीचा आक्षेप याहून कठीण आहे. निसर्गातही कित्येक फलित बीजे रुजत नाहीत, हे उत्तर पुरेसे नाही, कारण निसर्गाने होणारा नाश आपल्याला नाश करण्याची मुभा देत नाही. पण भ्रूणाविषयी आदर ठेवायचा तर गरजेपुरतेच भ्रूण तयार करता येतात, आणि लिंग पाहून निवड करण्याला आपल्या कायद्यातही बंदी आहे. त्यासाठी संपूर्ण उपचार नाकारावे लागत नाहीत. तिसरा सल्ला दत्तकाचा. तो सुंदर आहे, पण अनाथ मुलांची जबाबदारी साऱ्या समाजाची असताना ती फक्त अपत्यहीनांवर टाकणे अन्याय्य आहे.

२०२१च्या साहाय्यक पुनरुत्पादन कायद्याने उपचारांसाठी स्त्रीची कमाल वयोमर्यादा पन्नास ठरवली आणि बीजांड देणारीने आयुष्यात एकदाच द्यावे असा नियम केला. हे बंधन योग्य आहे, पण घरातला दबाव कायद्याला दिसत नाही. म्हणून तपासणी दोघांची एकाच वेळी व्हावी, बाईशी एकटीशी बोलून तिची संमती घेतली जावी, आणि किती प्रयत्नांनंतर थांबायचे हे तिने ठरवावे. उपचार कोणत्या धर्माला मान्य आहे यापेक्षा तो नाकारण्याची मोकळीक तिला आहे का, हा प्रश्न आधीचा आहे. जिथे ती मोकळीक आहे तिथे प्रयोगशाळेतून आलेले मूलही देणेच असते. जिथे नाही, तिथे नैसर्गिकरीत्या झालेले मूलही वसुली ठरते.