नक्कल आणि स्थलांतर

दुसऱ्याने निर्माण केलेली वस्तू आपल्या घरी आणावयाची, तर तिच्यावर आपला अधिकार कशाने सिद्ध होतो? गरजेने, श्रमाने, की परवानगीने? नववीतल्या एका विद्यार्थ्याने गेल्या वर्षी मला हा विचार करावयास भाग पाडले.

आमच्या शाळेत एका माजी विद्यार्थ्याने भेट दिलेला 'रास्पबेरी पाय' आहे. पत्त्यांच्या कॅटाएवढा हा संगणक मोबाइलच्या चार्जरवर चालतो. यंत्रणा लिनक्सची. मुलांनी कमी खर्चात प्रोग्रामिंग शिकावे, म्हणून केंब्रिजच्या मंडळींनी तो २०१२ साली बाजारात आणला. त्यावर हा मुलगा 'डूम' नावाचा १९९३ सालचा खेळ खेळताना सापडला. मी रागावलो, तेव्हा तो म्हणाला, "सर, मी नुसती कॉपी नाही केली. पोर्ट केलाय."

फरक त्यानेच समजावला. मूळ खेळ इंटेलच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला. या संगणकातला प्रोसेसर एआरएम जातीचा. आयडी सॉफ्टवेअर या कंपनीने डिसेंबर १९९७ मध्ये खेळाचा मूळ प्रोग्राम लोकांसाठी खुला केला, म्हणून हे शक्य झाले. पण प्रोग्राम नव्या यंत्रावर चढवताच एक गंमत झाली. मागे जाण्याची कळ दाबली, की खेळाडू पुढेच धावत सुटे! तीन दिवसांनी कारण सापडले. एका विशिष्ट प्रकारची संख्या इंटेलकडे उणे असू शकते. एआरएमकडे तीच, स्पष्ट सांगितले नाही तर, नेहमी अधिक धरली जाते. त्यामुळे उणे २५ चे झाले २३१. आम्हा सीमाभागातल्यांना यात नवल वाटू नये. मराठीत 'ताई' म्हणजे थोरली बहीण, कानडीत 'तायी' म्हणजे आई. ध्वनी जवळजवळ तोच, घर बदलले की नाते बदलते.

नक्कल करणाऱ्याला मूळ कृती वाचावी लागत नाही. स्थलांतर करणाऱ्याला तिची ओळ न् ओळ समजून घ्यावी लागते. मला त्या मुलाचा अभिमान वाटला.

परंतु श्रम केले म्हणून अधिकार मिळतो काय? खुला झाला तो प्रोग्राम. चित्रे, आवाज, खेळातल्या इमारती यांची फाइल वेगळी असते, आणि ती कंपनीचीच राहिली. खेळाचा पहिला भाग फुकट वाटण्यास कंपनीची मुभा होती. पुढचे भाग आजही विकत मिळतात. या मुलाने सगळीच फाइल मित्राच्या पेन ड्राइव्हवरून घेतली होती. मी म्हणालो, "ही चोरी आहे."

तो खाली मान घालून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला त्या कवितासंग्रहाच्या झेरॉक्स दिल्या होत्या. अख्ख्या पुस्तकाच्या."

मी लगेच बचावाला उभा राहिलो. पुस्तक दुर्मीळ, प्रकाशन संस्था बंद पडलेली. शिवाय शिकवण्यासाठी कायदा शिक्षकाला सवलत देतो. सगळे खरे होते. तरीही त्या रात्री झोप लागली नाही. कवी जाऊन वीस वर्षे झाली आहेत, आणि त्यांची कन्या आमच्याच तालुक्याच्या गावी राहते. एसटीने पाऊण तासाचा रस्ता. मी विचारले नव्हते. कारण? 'नाही' ऐकावे लागेल, ही भीती. अनुपलब्धता हे माझे कारण होते. खरे पाहता ती माझी सबब होती. कायद्याची सवलत मला शिक्षेपासून वाचवील. विचारण्याच्या कर्तव्यापासून मात्र नाही.

श्रम आपल्याला वस्तूचे ज्ञान देतात, गरज आपल्याला तिची ओढ देते. अधिकार मात्र देणाऱ्यानेच द्यावा लागतो. त्या कंपनीने आपणहून दार उघडले, म्हणून तर आमच्या मुलाला तीन दिवस झुंजण्याचा आनंद मिळाला!

दुसऱ्या दिवशी त्याने ती फाइल पुसली आणि 'फ्रीडूम' बसवले. स्वयंसेवकांनी स्वतः रचून मुक्तपणे वाटलेली ती चित्रे आणि इमारती. "मूळच्याइतकी मजा नाही, सर," तो म्हणाला, पण खेळत राहिला.

मी कवीच्या कन्येला पत्र लिहिले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. तोवर झेरॉक्सचा गठ्ठा माझ्या कपाटात कुलपात आहे.