मोजमाप पुस्तिकेतली आडवी रेघ

डोंबिवली (पूर्व)

चि. पुतणीस,

घोडबंदर रोडच्या प्रकल्पाच्या सॉफ्टवेअरमधल्या दुबार नोंदी एपीआयने काढून टाकायचं काम तुझ्याकडे आलंय, आणि फोनवर तू म्हणालीस, ‘काका, अर्ध्या तासाचं स्क्रिप्ट आहे.’ असेल. पण दुबार कशाला म्हणायचं हे ठरवायला अर्धा तास पुरणार नाही. माझं आयुष्य साइटवर गेलं, म्हणून एपीआयच्या आधी क्यूबचं सांगतो.

स्लॅब टाकताना त्याच काँक्रीटचे क्यूब भरून ठेवतात. काही सातव्या दिवशी फोडायचे, काही अठ्ठाविसाव्या. दोन्ही नोंदींत ओतण्याची तारीख तीच, मजला तोच, ग्रेड तोच. तुझ्या स्क्रिप्टला त्या जुळ्या बहिणी वाटणार आणि ते एक उडवणार. एम-२५ काँक्रीटचा सातव्या दिवशीचा आकडा सतरा-अठरा आला तर साइटवर कुणी दचकत नाही; ताकद अजून यायची असते. पण अठ्ठाविसाची नोंद गेली आणि एवढीच उरली, तर कागदावर तो स्लॅब कच्चा ठरला. रेरा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरची. तिसऱ्या वर्षी एखाद्या बीमला तडा गेला, तर तुमचा वकील दाखवणार काय?

सरकारी कामात मोजमाप पुस्तिका असते, आम्ही तिला एमबी म्हणायचो. पानांना छापील क्रमांक, पान फाडायचं नाही, खोडरबर लावायचा नाही. चूक झाली तर त्या आकड्यावर आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, शेजारी सही आणि तारीख. चुकलेला आकडा रेघेखाली वाचता आला पाहिजे, हीच त्यातली मेख. तुम्ही लोक ज्याला सॉफ्ट डिलीट म्हणता ते याहून निराळं नाही: नोंद जागेवर राहते, तिच्यावर ‘रद्द’ असा शिक्का बसतो, कुणी आणि कधी केलं ते कळतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय कुठल्या भागाला आहे आणि कुठल्या भागात डिलीट म्हणजे कायमचं डिलीट, हे आधी बघ. स्क्रीनवर रिसायकल बिन दिसतो म्हणून एपीआयने काढलेली प्रत्येक नोंद तिथेच जाते असं धरून चालू नकोस. चाचणीच्या प्रकल्पात एक खोटी नोंद घाल, उडव, आणि परत आणून दाखव. ती परत आली नाही, तर खऱ्या प्रकल्पाला हात लावायचा नाही.

एप्रिल २०२२ मध्ये ॲटलासियन या बड्या कंपनीत काय झालं ते वाच. एक जुनं ॲप ग्राहकांच्या साइटवरून काढायचं होतं. यादी देणाऱ्यांनी ॲपच्या क्रमांकांऐवजी अख्ख्या साइटचे क्रमांक दिले. एपीआय दोन्ही तऱ्हेचे क्रमांक घेत होता आणि ‘नक्की काय उडवताय’ असं विचारत नव्हता. त्यात स्क्रिप्ट कायमचं पुसण्याच्या पद्धतीने चालवलेलं. अर्ध्या तासाच्या आत पावणेआठशे ग्राहकांच्या साइट गेल्या. त्या परत उभ्या करायला काही जणांच्या बाबतीत दोन आठवडे लागले. स्क्रिप्टने सांगितलेलं काम चोख केलं होतं. यादीतले क्रमांक नक्की कशाचे आहेत, हे कुणी पडताळलं नव्हतं.

म्हणून यादी आधी. उडवायच्या नोंदींचे क्रमांक, नाव, प्रकार आणि पूर्ण मजकूर वेगळ्या फाइलमध्ये उतरवून घे, जोडलेले फोटो आणि पीडीएफसकट. ती यादी साइट इंजिनिअरला आणि बिलिंगवाल्याला दाखव, त्यांची सही घे. ही यादी तांत्रिक कारणासाठीही लागते: नोंदी पानापानाने मागवत, मागवता मागवता उडवत गेलीस, तर पहिलं पान रिकामं होताच दुसऱ्यावरच्या नोंदी पुढे सरकतात आणि निम्म्या सुटून जातात. मग पहिल्यांदा एकच नोंद उडव. तिला जोडलेलं काय काय गेलं ते बघ. ड्रॉइंग काढलं तर त्यावर विचारलेले लेखी प्रश्न, म्हणजे आरएफआय, लटकतात, ठेकेदार काढला तर त्याची बिलं. नंतर दहा, मग बाकीच्या. मध्येच उत्तर आलं नाही तर ‘झालं नाही’ असं समजू नकोस; सर्व्हरने काम केलेलं असतं आणि निरोप वाटेत हरवलेला असतो. आधी ती नोंद मागवून बघ. आणि रोजच्या कामाच्या एपीआय टोकनला डिलीटचा अधिकार देऊच नका.

हिशेबाच्या नोंदींना तर हातच लावू नकोस. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणं १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचं आहे, आणि वह्या आठ वर्षं जपायच्या असतात. मजुरांच्या आधारच्या झेरॉक्सचं उलट आहे. त्या काम संपल्यावरही साठून राहतात, आणि २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा म्हणतो की हेतू संपला आणि दुसऱ्या कायद्याने ठेवायला लागत नसली, की माहिती पुसा. तिथे आडवी रेघ उपयोगाची नाही, खरोखर पुसावंच लागतं. पण ते कंपनीने लेखी ठरवू दे; तू एकटीने नको.

तू म्हणशील, चुकीची नोंद ठेवून करायचं काय? आपल्याच गावाकडे बघ. कल्याण-डोंबिवलीत पासष्ट इमारतींच्या बिल्डरांनी महापालिकेच्या खोट्या परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं. आत राहणाऱ्यांनी कर्ज काढून घरं घेतली होती, तीही नोंदणी क्रमांक बघून. आता कुणी नीटनेटकेपणाच्या हौसेने त्या खोट्या नोंदी महारेराच्या पोर्टलवरून पुसून टाकल्या असत्या, तर या माणसांनी कशावर विश्वास ठेवला हे दाखवायला त्यांच्या हातात काय उरलं असतं? फसवणाऱ्याला मात्र ते फार सोयीचं झालं असतं. खोटा कागदही पुरावा असतो, कधी कधी खऱ्याहून मोठा.

तुझ्या साहेबांना घाई असेल. जुन्या नोंदींनी रिपोर्ट बिघडतात, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. त्यांना सांग, रिपोर्टमधून नोंदी लपवायला एक फिल्टर पुरतो, आणि तो काढताही येतो.

यादी तयार झाली की क्यूबच्या नोंदी मला पाठव. सात कुठलं आणि अठ्ठावीस कुठलं, हे मी खूण करून देईन. शनिवारी आलीस तर बरं, काकू तुझी वाट बघतेय.

तुझा,
काका