अहवालाची हद्द

व्हर्जिनियातल्या हर्नडन गावातून जाणाऱ्या ज्या जुन्या रेल्वेमार्गावर आता पादचारी आणि सायकलस्वार यांची वर्दळ असते, त्या वाटेने मुंबईच्या न्यायालयात शिरस्तेदारी करून निवृत्त झालेले काका आणि तिथेच वकिली करणारी त्यांची पुतणी फिरावयास निघाली असता त्यांच्यात जो वाद झाला, त्याला निमित्त होते पोटोमॅक नदीपलीकडच्या मेरीलँड राज्याचे. जमावाने केलेल्या कृष्णवर्णीयांच्या हत्यांचे सत्य शोधण्यासाठी त्या राज्याने २०१९ साली आयोग नेमला होता.

"काका, तिथले मारेकरी केव्हाच मातीत गेले. खटला भरायला कुणी उरले नाही, तेव्हा सत्य सांगणे हाच काय तो न्याय. पण मुंबईत १९९२-९३ च्या दंगलीतले मारेकरी हयात होते. तिथे आयोगावर का भागवले?"

"अगं, पोलिसांच्याच वर्तनाची चौकशी व्हायची होती, ज्याच्यावर संशय त्यानेच पंचनामा करायचा का? त्यासाठी नेमलेल्या आयोगाचे न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी पाच वर्षे चौकशी केली. मध्येच, १९९६ च्या जानेवारीत, सरकारने आयोग गुंडाळला आणि मे महिन्यात, दंगलीनंतरच्या बॉम्बस्फोटांची चौकशीही त्याच्याच गळ्यात घालून, पुन्हा उभा केला. तरीही फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल सादर झाला. मृत ९००, त्यांत मुसलमान ५७५ आणि हिंदू २७५. शिवाय एकतीस पोलिसांवर ठपका. सरकारी दफ्तरात एवढे धैर्य वारंवार सापडत नाही."

"आणि सरकारने तो विधिमंडळापुढे मांडला, तो निष्कर्ष नाकारणारे टिपण जोडून! १९५२ च्या कायद्याप्रमाणे आयोगाचा निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नाही. आयोगापुढे दिलेली जबानी, खोटी साक्ष दिल्याचा खटला सोडला तर, देणाऱ्याविरुद्ध वापरताही येत नाही. म्हणजे पुरावा पुन्हा गोळा करायचा, आणि तोही ठपका आलेल्या खात्यानेच."

"त्या अभयावाचून तोंड कोण उघडणार? दक्षिण आफ्रिकेने तर याहून महाग सौदा केला: राजकीय गुन्ह्याची पूर्ण कबुली देईल त्याला माफी. वर्णभेदाविरुद्ध लढताना पोलीस कोठडीत मरण पावलेले स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांनी त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, पण १९९६ साली निकाल सौद्याच्याच बाजूने लागला."

"पुढचेही सांगा ना. बिकोंच्या मृत्यूशी संबंधित पोलिसांना माफी नाकारली गेली, आणि तरीही त्यांच्यावर खटला भरण्याचे २००३ साली सरकारने टाळले. पूर्ण सत्यही हाती नाही आणि शिक्षाही नाही, असे त्या घराच्या पदरी पडले."

काका काही वेळ निरुत्तर झाले. मग ते म्हणाले, "मुंबईच्या दंगलीत बेपत्ता झालेल्या माणसांचा विचार कर. प्रेत मिळत नाही, म्हणून मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही, म्हणून खोलीची भाडेपावती बायकोच्या नावावर होत नाही, नुकसानभरपाई अडते, आणि ती कचेरीत गेली की कारकून कागद मागतो. अशी १६८ माणसे. अहवाल अमलात आणा, म्हणून लोक सर्वोच्च न्यायालयात गेले, ते या अहवालाच्याच आधारे. नोंदच नसती, तर दाद कशाच्या बळावर मागितली असती?"

"नोंद हवीच, काका. पण ज्या हुकुमाने सरकार आयोग नेमते, त्याच हुकुमात स्वतंत्र तपास-पथक आणि खटल्यांची मुदत का लिहू नये? नाहीतर आयोग म्हणजे सरकारला मिळालेली सवड."

"तेवढी अट घातली, तर आयोग नेमायला कोणते सरकार धजेल?"

काकांचा हा प्रश्न व्यवहाराचा आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. तरी माझा कौल पुतणीच्या बाजूने आहे, कारण विलंबाचे मोल आयोगाने किंवा सरकारने मोजले नाही, ते बेपत्तांच्या बायकांनी मोजले. बेपत्तांच्या वारसांना दोन लाख रुपये, जानेवारी १९९९ पासूनच्या नऊ टक्के व्याजासह, द्यावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम झाला तो ४ नोव्हेंबर २०२२ रोजी, आणि तोवर १६८ पैकी १०८ माणसांच्या वारसांच्या हाती एक पैसाही पडला नव्हता.