जारचं डिपॉझिट

परतूरला आमच्या घरी वीस लिटरचा पाण्याचा जार येतो. पहिल्यांदा त्याचं डिपॉझिट भरलं होतं. आजवर एकही जार उकिरड्यावर गेलेला नाही. आई रिकामा जार विसळून दाराशी ठेवते. झाकण हरवलं तर घरभर शोधाशोध. आणि मी, तिचाच इंजिनिअर मुलगा, गाडीत घेतलेली लिटरची बाटली सीटखाली सोडून परतूर स्टेशनवर उतरतो.

मग जबाबदारी आईच्या स्वभावात आहे की डिपॉझिटमध्ये?

महाराष्ट्रात 2018च्या प्लास्टिकबंदीत हाच विचार होता. लिटरच्या बाटलीला 1 रुपया, लहान बाटलीला 2. बाटली परत दिली की पैसे परत. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात असे पैसे मागणारं कुणी मी पाहिलेलं नाही. मीही मागणार नाही. माझ्या पगारात तो रुपया म्हणजे बाटली फेकण्याची फी झाली. फी भरली की टोचणीही संपते, हे जास्त वाईट.

जर्मनीत 2003पासून अशा बाटल्यांवर 25 सेंट अनामत आहे. तिथे काहीजण रिकामी बाटली कुंडीत न टाकता शेजारी उभी ठेवतात, वेचणाऱ्याला कचऱ्यात हात घालावा लागू नये म्हणून. हे दान की स्वतःचा कंटाळा दुसऱ्यावर ढकलणं? मला दोन्ही वाटतं.

परवा स्टेशनवर पोतं घेतलेल्या एका आजींच्या हातात बाटली दिली. उरलेलं पाणी ओतून त्यांनी ती चेपली, पोत्यात टाकली.

"आनखी हाय का?"

नव्हती.