आपुलकीचा टोमणा

रुस्ताकला मराठी घरं मोजकी. त्यामुळे कोण जाड झालं हे लपत नाही, आणि "काय रे, वहिनी फार खाऊ घालतात वाटतं!" हे आपुलकीतच जमा होतं. पण समोरचा ओलांझापिन किंवा क्लोझापिन घेत असेल तर? मनाच्या गंभीर आजारांवरची ही औषधं भूकच वाढवतात. कुणाची थोडी, कुणाची बेसुमार. २००२ साली चिनी रुग्णांच्या एका अभ्यासात अशा औषधांनी होणाऱ्या वजनवाढीतल्या फरकाचा संबंध सेरोटोनिनच्या एका ग्राहीच्या जनुकातल्या बारीकशा बदलाशी आढळला. आपल्या पुण्यात केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी तर दाखवलं, की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हडकुळी, पण चरबी राखून जन्मतात. म्हणजे हिशेब जन्माआधीच सुरू!

मग आळशी कुणाला म्हणायचं? टोमण्यांना कंटाळून कुणी गोळी परस्पर सोडली आणि आजार उलटला, तर थोडं पाप आपल्याही माथी येतं, असं मला वाटतं. सगळंच जनुकांवर ढकलावं असंही नाही. मी संगणकवाला असलो तरी माणसाला प्रोग्रॅम समजत नाही. चालावं, भात कमी करावा. पण दोघं सारखंच चालले तरी एकाचं वजन उतरतं, दुसऱ्याचं नाही, आणि शाबासकी मात्र पहिल्यालाच मिळते.